तिसरी खुर्ची कासिल्दाची

जून संपत आला होता. फुएन्सेकात ऊन असं पेटलं होतं की दुपारची कुत्रीसुद्धा चर्चच्या भिंतीची सावली सोडायला तयार नव्हती. अशा उन्हात नगरपालिकेचा शिपाई ओनोरियो पाकिटं घेऊन दारोदार हिंडत होता, आणि ज्या दाराशी तो थांबेल त्या घरातून "मेलो रे देवा!" असा सूर निघत होता.

पाकिटात काही वाईट नव्हतं. तेवीस जुलैला देशाची निवडणूक लागली होती. मतदानाच्या टेबलावर बसायला स्पेनमध्ये बाहेरून कोणी येत नाही. गावातल्याच मतदारांची सोडत निघते. एक अध्यक्ष, दोन सदस्य, आणि हे आयत्या वेळी गळाले तर त्यांच्या जागी बसायला आणखी काही. नाव निघालं की सकाळी आठला शाळेत हजर व्हायचं आणि मोजणी संपेपर्यंत उठायचं नाही. नको म्हणायची सोय नाही. त्यात यंदाची निवडणूक ऐन सुट्टीत. अर्ध्या गावाने समुद्रावरची घरं भाड्याने घेऊन ठेवलेली. त्यामुळे माणसं डॉक्टरकडे रांगा लावून पाठीची, गुडघ्याची, कानाची दुखणी लिहून आणत होती. तीन मुलांच्या लग्नांत गेली नव्हती अशी माणसं दूरच्या भाच्याच्या बारशाची पत्रिका शोधत होती.

ओनोरियो कासिल्दाच्या दाराशी आला तेव्हा ती नुकतीच कामावरून परतली होती. वृद्धाश्रमाच्या धुलाईत ती चादरी घड्या करायचं काम करायची, अठरा वर्षं झाली. वय चव्वेचाळीस, उंची बेताची, चेहरा गोल आणि डोळ्यांची ठेवण अशी की पाहणाऱ्याला लगेच कळावं, ही डाऊन सिंड्रोमची. बोलायला वेळ लागायचा तिला. शब्द आतून निघायचे, पण दारापर्यंत येताना थांबत थांबत यायचे.

"ब्लास आहे का घरात?" ओनोरियोने कपाळ पुसत विचारलं.

"पाकीट कोणाचं, ओनोरियोकाका?"

"आहे तुझ्याच नावाचं."

"मग ब्लास कशाला?"

ओनोरियोने पाकीट पुढे केलं आणि पोच म्हणून सही मागितली. कासिल्दाने कागद भिंतीला टेकवला आणि एकेक अक्षर मांडत पूर्ण नाव लिहिलं: कासिल्दा बेर्रुएको सांथ. ओनोरियो उन्हात उभा राहून वितळत होता, पण घाई कर असं काही म्हणाला नाही. म्हातारा मनाने चांगला होता.

ब्लास तिचा थोरला भाऊ. शेजारच्याच घरात राहायचा. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत आईने हयात असतानाच एक दार काढलं होतं. संध्याकाळी त्या दारातून तो आत आला, पत्र वाचलं, आणि हसलाच.

"दुसरी सदस्य! बघ, कासी, अख्खं गाव सुटण्यासाठी देव पाण्यात घालून बसलंय, आणि तुझ्यापाशी सगळ्यात पक्की सूट. अपंगत्वाचा दाखला जोडला की काम झालं. काळजी करू नको हं. उद्याच टाकून येतो अर्ज."

कासिल्दाने तोंड उघडलं. शब्द निघाले होते आतून. पण ते ओठांशी येईतो ब्लासने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पत्र खिशात घातलं आणि तो गेला. तिच्या आयुष्यात हे फार वेळा झालं होतं. वाईट कोणीच नव्हतं. सगळे फक्त लवकर होते.

दुसऱ्या दिवशी देल्फिनाच्या बारमध्ये हीच चर्चा. सांतोस ट्रॅक्टरवाल्याचं नाव पहिला सदस्य म्हणून निघालेलं, आणि त्याने बायकोला पंधरा वर्षांत पहिल्यांदा समुद्र दाखवायचं कबूल केलेलं.

"ब्लास," तो ओरडला, "बहिणीचा दाखला भाड्याने देतोस का? मी एक अख्खं हॅम देतो, पाय आणि खुरासकट!"

सगळे हसले. ब्लासही हसला. कोपऱ्यातल्या टेबलावर कासिल्दा लिंबाचं सरबत पीत बसली होती; तिच्याकडे पाहून सांतोसने डोळा मिचकावला. ती हसली नाही. ब्लास अल्मेंद्रोसाहून, म्हणजे तालुक्याच्या गावाहून, नुकताच आला होता. अर्ज टाकून आला होता.

बारमधून घरी येताना ती म्हणाली, "ब्लास. मी बसणार."

"कुठे?"

"टेबलावर. तेवीसला."

ब्लास थांबला. "अगं, अर्ज दिला पण मी!"

"मी दिला नाही."

"म्हणजे तेच ना ते."

"नाही," कासिल्दा म्हणाली, आणि एवढ्या लवकर तिचा शब्द क्वचितच बाहेर आला असेल. "ते तेच नाही."

आता हिला ही टेबलावर बसायची एवढी आस का, हे ब्लासला ठाऊक नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. कासिल्दा बावीस वर्षांची असताना वडील गेले. जमिनीच्या कागदांसाठी कोणीतरी सल्ला दिला, आणि एका न्यायाधीशाने एका सकाळी ठरवलं की ही मुलगी स्वतःचं स्वतः काही ठरवू शकत नाही. ब्लास तिचा पालक झाला. त्याच कागदात खाली एका ओळीत तिचं मतही गेलं. घरात ती ओळ कोणी वाचलीही नाही.

मग पुढची निवडणूक आली. आई, ब्लास, वहिनी, सगळे ठेवणीतले कपडे घालून शाळेत गेले. कासिल्दाही निळा झगा घालून गेली, ओळखपत्र हातात घेऊन रांगेत उभी राहिली. टेबलावरच्या माणसाने यादीवरून बोट खाली नेलं, पुन्हा वर नेलं, आणि म्हणाला, "नाहीस बाई तू यात." एवढंच. रागाने नाही, हसून नाही. पुढच्या माणसाला त्याने हात केला. त्यानंतर सोळा वर्षं प्रत्येक निवडणुकीला ती शाळेबाहेरच्या बाकावर बसायची आणि घरच्यांच्या पिशव्या सांभाळायची. ते बोट मात्र तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

दोन हजार अठरा साल संपता संपता देशाने कायदा बदलला आणि तिच्यासारख्या एक लाखाच्या वर माणसांना मत परत मिळालं. पुढल्या एप्रिलमध्ये ती पुन्हा निळा झगा घालून गेली. झगा कमरेत घट्ट झाला होता, पण तिने दुसरा घातला नाही. यादीत नाव होतं. मत टाकून आल्यावर ती चर्चमध्ये माउलीपुढे इतका वेळ बसली की शेवटी पाद्रीबाबांना किल्ल्या वाजवाव्या लागल्या. त्यानंतर पालकत्वाचा जुना कायदाही गेला. गेल्या वर्षी न्यायाधीशबाईंनी तिला समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्हाला कशात मदत हवी?" बँकेत आणि दवाखान्यात, ती म्हणाली. "बाकीच्यात?" बाकीचं माझं मी, ती म्हणाली. तसंच लिहिलं गेलं.

अर्जाच्या मुदतीचा एक दिवस उरला होता तेव्हा कासिल्दाने धुलाईतून सुट्टी घेतली आणि सकाळच्या बसने एकटी अल्मेंद्रोसाला गेली. निवडणूक मंडळाची कचेरी कोर्टाच्या तळमजल्यावर होती. बाहेर रांग. पुढे एकजण पाठीचा एक्स-रे दिव्यासमोर धरून कारकुनीणबाईला दाखवत होता. एका बाईने सोबत सासूच आणली होती, पुरावा म्हणून.

"बोला, तुमचं काय?" कारकुनीणबाईने वर न बघता विचारलं.

"माझ्या नावाने अर्ज आलाय. सूट मागणारा." कासिल्दा श्वास घेऊन म्हणाली. "मला सूट नको."

बाईने आता वर पाहिलं. चष्मा काढला.

"परत सांगा."

"मला बसायचंय."

"अहो," कारकुनीणबाई खुर्चीत मागे रेलली, "या आठवड्यात या खिडकीशी दोनशे माणसं आली. सगळी सुटायला. आत यायला आलेल्या तुम्ही पहिल्या." मागच्या रांगेकडे पाहून ती मोठ्याने म्हणाली, "ऐकताय ना?" रांगेतल्या लोकांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. सासू मात्र म्हणाली, "शाबास पोरी!"

बाईने गठ्ठ्यातून अर्ज काढला. "ही सही तुमची?"

"नाही. भावाची. वीस वर्षं तोच करत होता, म्हणून सवयीने केली. आता तो माझा पालक नाही. कायद्याने नाही."

"मग हा अर्ज कोणी केलेलाच नाही," बाई म्हणाली आणि तिने कागदावर एक तिरकी रेघ मारली. "कायद्याची अट एकच आहे, वाचता-लिहिता आलं पाहिजे. विचारू नये, पण विचारावं लागतं."

कासिल्दाने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर एक कागद चिकटवला होता. तिने बोट धरलं आणि थांबत थांबत, पण एकही अक्षर न चुकवता वाचलं: "पंखा बिघडला आहे. कृपया कर्मचाऱ्यांवर रागावू नये."

"पुरे," कारकुनीणबाई हसून म्हणाली. "याच्या वरचं वाचन गेल्या आठवड्यात कोणी केलं नाही."

परतीच्या बसमधून उतरली तर थांब्यावर ब्लास उभा. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा पांढरा पडलेला.

"कुठे होतीस? धुलाईत विचारलं, चर्चमध्ये विचारलं, विहिरीपर्यंत जाऊन आलो मी!"

"अल्मेंद्रोसाला. अर्ज खोडून आले."

ब्लास थांब्याच्या कठड्यावर बसला. "कासी, ते काही चादरी घड्या करणं नाही. बारा-चौदा तास. सहाशे माणसं. तू एका नावाशी अडलीस की सांतोस काहीतरी बोलणार, आणि लोक हसणार."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? तुला!"

"मला हसतात तेव्हा मी तिथेच असते, ब्लास. मला माहीत आहे ते कसं असतं. तुलाच माहीत नाही."

ब्लासने बाहीने चेहरा पुसला. "आईला मी वचन दिलं होतं, तुला कोणी दुखवणार नाही म्हणून. आईला काय सांगू?"

"आईला मी सांगेन," कासिल्दा म्हणाली. "ती माझी पण आहे."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बहुतेकांनी चांगलंच म्हटलं. पण कशा प्रकारचं चांगलं? "बसू दे बिचारीला, तिला बरं वाटेल." "शोभेला बसेल, काम बाकीचे दोघं करतील." सांतोसची सूट नामंजूर झाली होती, तो तर उघडच म्हणाला, "म्हणजे खुर्च्या तीन, माणसं दोन!" कासिल्दाच्या कानावर हे सगळं आलं. तिला शोभेला बसायचं नव्हतं. घरात फुलदाणी होती, तेवढी पुरे होती.

तीन आठवडे ती रोज संध्याकाळी पुस्तिका घेऊन बसली. सरकारी पुस्तिका होती, तिच्यात वाक्यं अशी लांब की शेवटाला येईतो सुरुवात विसरावी. पण तिच्यासारख्यांच्या संस्थेने दुसरी पाठवली होती, सोप्या वाचनाची: मोठी अक्षरं, छोटी वाक्यं, शेजारी चित्रं. तिच्या कडा पेन्सिलीच्या खुणांनी काळ्या झाल्या. आणि नावं शोधायचा सराव तिने टेलिफोनच्या जुन्या वहीवर केला. त्यासाठी तिची एक युक्ती होती. लहानपणी सिस्टर प्रेसेन्तासियोनने तिला वर्णमाला शिकवली ती नुसती घोकून नव्हे, गाऊन; माउलीच्या उत्सवात म्हणतात त्या स्तुतिपदांच्या चालीवर. सगळी शाळा अक्षरं घोकत असताना ही ती गायची. चाल लागली की अक्षर आपोआप जिथलं तिथे येऊन उभं राहायचं. देवाने एकाला जिना दिला असेल तर दुसऱ्याला दोर दिला असेल. माडीवर पोचल्याशी कारण.

रविवारी शाळेत बसायचं, म्हणजे मिस्सा, चर्चमधली रविवारची उपासना, चुकणार. म्हणून शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला ती गेली. फुएन्सेकाचे पाद्री एव्हारिस्तोबाबा प्रवचन देता देता अर्धं गातात. पंचाहत्तर वर्षांचा आवाज, पण वाक्य वर चढवून मग असं अलगद खाली सोडतात की बारमध्ये बसणारी माणसंही दाराशी येऊन उभी राहतात. त्या दिवशीची गोष्ट होती गव्हाची आणि तणाची. नोकर म्हणतात, मालक, उपटून टाकू का? मालक म्हणतो, थांबा. एव्हारिस्तोबाबा त्या "थांबा" वर थांबले. आळवला त्यांनी तो शब्द. एकदा खाली, एकदा वर, एकदा अगदी हळू, जणू आजारी लेकराच्या उशाशी बसून म्हणावा. "तुम्हाला काय कळतं गहू कोणता?" त्यांनी गाऊन विचारलं. "रोप लहान असताना तुम्हाला काय कळतं? थांबा! पिकू द्या!" कासिल्दा बाकावर पुढे सरकून बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज नव्हती. शेजारी बसलेल्या ब्लासने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि धुळीला दोष दिला.

रविवारी सकाळी पावणेआठला कासिल्दा शाळेत हजर. निळा झगा कधीच कोणाला तरी देऊन टाकला होता. हिने नवा पिवळा शिवून घेतला होता. अध्यक्ष होत्या औषधांच्या दुकानवाल्या बेगोन्या बाई. भल्या बाई. त्यांनी कासिल्दाला खिडकीजवळची खुर्ची दिली, हातात पंखा दिला आणि म्हणाल्या, "तू इथे आरामात बस हं, राणी. दमलीस की सांग. यादी आम्ही बघतो."

कासिल्दाला कळलं, ब्लास काल यांच्या दुकानात जाऊन आलाय.

तिने पंखा टेबलावर ठेवला. पुस्तिका उघडली. "बेगोन्या बाई, एक सदस्य यादीत नाव शोधतो. एक सदस्य मत देणाऱ्यांची नावं लिहितो. अध्यक्ष पेटीपाशी. सांतोसचं अक्षर माझ्याहून भराभर होतं, त्याने लिहावं. यादी माझ्याकडे."

बेगोन्या बाईंनी सांतोसकडे पाहिलं. सांतोस सरकारी पुस्तिका उलटीसुलटी करत होता. "माझ्याकडे कशाला बघता? मला हे काही समजलेलं नाही," तो म्हणाला. मग मान लांब करून कासिल्दाच्या पुस्तिकेत डोकावला. "तिचीच बरी आहे. चित्रं आहेत."

यादी कासिल्दाकडे आली. तिने पट्टी काढली, पहिल्या नावाखाली ठेवली.

नऊ वाजता दार उघडलं आणि पहिला तास तिला फार जड गेला. माणसं नाव सांगायची आणि लगेच पेटीकडे हात न्यायची. ती ओळखपत्र मागायची. "अगं कासिल्दा, तू माझ्या मांडीवर खेळलीस!" देल्फिना म्हणाली. "मांडीवर आडनाव लिहिलेलं नसतं," कासिल्दा म्हणाली. रांगेत हशा पिकला, पण देल्फिनाने पर्स उघडली. मग कासिल्दा अगदी हलक्या आवाजात गुणगुणायची, बोट कागदावरून सरकायचं, पट्टी थांबायची. "आहे. पान सात." बेगोन्या बाई म्हणायच्या, "मत दिलं!" आणि मतपत्रिकेचं पाकीट पेटीत पडायचं.

"ही निवडणूक आहे की चर्चमधली नोव्हेना?" मागून कोणीतरी टोमणा मारला. "टेबलावर भजन चाललंय!"

"तुझी बारी आली की तुझ्या चालीवर गाईन," सांतोस लिहिता लिहिता वर न बघता म्हणाला, "कर्कश!" तो कधीपासून हिच्या बाजूने झाला, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. पण अकरा वाजेपर्यंत रांग अशी सरकू लागली की शेजारच्या वर्गातल्या टेबलापेक्षा हे टेबल पुढे गेलं. तिथे दोनदा नाव चुकून खोडून परत लिहावं लागलं होतं. इथे एकदाही नाही.

साडेबारा वाजता कासिल्दा पाणी प्यायला उठली. परत आली तेव्हा टेबलापुढे मेंढपाळ माकारियो उभा. ऐंशीचा म्हातारा, हातात टोपी. सांतोसने यादी ओढून घेतली होती आणि बोट खालीवर फिरवत होता.

"गार्दुन्यो... गार्दुन्यो... नाही. माकारियोकाका, तुम्ही यात नाही."

"मी ऐंशी वर्षं या गावात आहे," माकारियो म्हणाला. त्याने टोपी हातात फिरवली. "नाही म्हणतोस?"

"यादीत नाही त्याला मी काय करू?"

म्हातारा वळलासुद्धा. कासिल्दा होती तिथे उभी राहिली. मग ती पुढे गेली आणि त्याच्या बाहीला धरलं.

"ओळखपत्र द्या, काका."

ओळखपत्रावर नाव होतं माकारियो यागुए. आता फुएन्सेकात कोणालाही विचारा. गार्दुन्यो हे त्यांच्या घराला शंभर वर्षांपूर्वी चिकटलेलं टोपणनाव. आजोबा तसे, बाप तसा, मेंढ्यांवरची खूणही त्याच नावाची. खरं आडनाव गावात बहुधा पोस्टमन आणि देव दोघांनाच ठाऊक. कासिल्दाने चाल धरली, शेवटपर्यंत नेली. "यागुए 'वाय'ने सुरू. आपल्या यादीत 'ए' पासून 'के' पर्यंतचीच आडनावं आहेत, काका. तुम्ही शेजारच्या वर्गात. तुम्ही आहात. नक्की आहात." आणि बेगोन्या बाईंना म्हणाली, "दोन मिनिटं, मी पोचवून येते."

तिने त्याला हाताला धरून शेजारी नेलं, रांगेला बाजूला सारत. तिथल्या टेबलापाशी, नाव सापडून बोट त्याच्यावर टेकेपर्यंत उभी राहिली. "आहे," तिथली मुलगी म्हणाली. म्हाताऱ्याने कासिल्दाकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी, सणाला घालावी तशी.

परत आली तेव्हा सांतोस कान खाजवत होता. "जन्मापासून माणूस बघतोय," तो पुटपुटला, "आडनाव आज कळलं." त्याने यादी तिच्या पुढ्यात सरकवली, पट्टीसकट. "ही घे बाई तुझी. मी हात लावणार नाही."

दुपारी पाच वाजता बाहेर एकोणचाळीस अंश होते. रस्ता पांढरा पडला होता. रांगेत मोजून सात-आठ माणसं, आणि त्यांच्यात ब्लास. ठेवणीतला शर्ट, केस ओले करून विंचरलेले. सकाळपासून तो तीनदा शाळेच्या कुंपणापर्यंत येऊन गेला होता, हे सांतोसने खिडकीतून पाहिलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

त्याची पाळी आली. तो टेबलापुढे उभा राहिला, हातात मतपत्रिकेचं पाकीट, चेहऱ्यावर हसू दाबलेलं.

"बेर्रुएको सांथ, ब्लास," तो ऐटीत म्हणाला.

"ओळखपत्र," कासिल्दा म्हणाली.

ब्लासने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मागचा चाचपला. हसू हळूहळू उतरलं. "घरी राहिलं वाटतं. दुसऱ्या विजारीत." मग बहिणीकडे पाहून खालच्या आवाजात, "कासी. मी आहे ना."

छताचा पंखा घरघरत होता. मागच्या माणसांनी माना उंच केल्या. बेगोन्या बाईंनी पेटीवर हात ठेवलेला, सांतोसचं पेन हवेत. बेगोन्या बाई म्हणू शकल्या असत्या, जाऊ दे, भाऊच आहे. त्यांच्या ओठांवर आलंही असावं. पण त्यांनी कासिल्दाकडे पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या.

कासिल्दाला शब्द शोधावे लागले. या वेळी कोणी घाई केली नाही. कोणी तिच्या जागी बोललं नाही. ब्लाससुद्धा थांबला.

"तू आहेस हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण टेबलाला ओळखपत्र लागतं. देल्फिनाने दाखवलं, नगराध्यक्षबाईंनी दाखवलं, एव्हारिस्तोबाबांनी दाखवलं. तू पण दाखव. आठ वाजेपर्यंत वेळ आहे. पुढचे या."

"बाहेर एकोणचाळीस आहेत!" ब्लास म्हणाला.

"टोपी घालून जा."

रांगेतून हसण्याची लाट उठली. कासिल्दाने कान दिला, कारण तिला हसण्यांतला फरक कळायचा. हे तिला हसणारं नव्हतं.

ब्लासच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग ती गेली, आणि तिच्या मागून जे आलं ते कासिल्दाने चव्वेचाळीस वर्षांत या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. आईने पाहिलं असतं तर तिने लगेच ओळखलं असतं. त्याने टाचा जुळवल्या, मान लववली.

"बरोबर आहे, सदस्यबाई," तो म्हणाला, आणि वळून भराभर बाहेर गेला.

वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या. पुढच्या बाईचं ओळखपत्र हातात घेता घेता कासिल्दाला चौकातून त्याचा आवाज ऐकू आला. आधी बारच्या दाराशी, मग कारंज्याजवळ, मग चर्चच्या पायऱ्यांशी, प्रत्येक ठिकाणी अधिक मोठा.

"परत पाठवलं मला! हो, माझ्या बहिणीने! सख्ख्या भावाला! अरे, राजा जरी आला असता ना, तरी त्यालाही पाठवलं असतं तिने! मी सांगतो तुम्हाला, आपल्या गावात याहून कडक टेबल झालं नाही!"

कासिल्दाने पट्टी सरळ केली, चाल धरली, आणि बोट पुढच्या नावावर नेऊन टेकवलं.

"आहे," ती म्हणाली. "पान अकरा."